शेऱ्याचा रकाना

वर्गातली पोरं तिला मावशी म्हणायची, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. एक्केचाळिसाव्या वर्षी एखादी बाई गुडघ्याला पट्टा बांधून डेटा सायन्सच्या वर्गात पहिल्या बाकावर येऊन बसली, तर तिला दुसरं काय म्हणायचं? पहिल्या दिवशी तर एका पोराने तिला कॉलेजची शिपाईबाई समजून पंखा लावायला सांगितलं. तिने मुकाट्याने पंखा लावला आणि वही उघडून त्याच्याच शेजारी बसली. पोरगा पुढे महिनाभर तिच्या नजरेला नजर देत नव्हता.

त्याआधीची अकरा वर्षं ती पालिकेत भेटसेविका होती. एकटं राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी आठवड्यातून एकदा जायचं, माणूस धड आहे ना ते बघायचं, औषधं घेतली का विचारायचं, फॉर्मवर खुणा करायच्या आणि पुढचं दार गाठायचं. फॉर्मच्या शेवटी शेऱ्याचा रकाना असायचा. बाकीच्या रकान्यांत हो, नाही आणि आकडे. शेऱ्यात मनाला येईल ते. तिचे शेरे लांबलचक असत. 'कुत्रा भुंकतो, चावत नाही.' 'मुलाचा विषय काढू नये.' 'औषधं घेतली म्हणते, पण गोळ्या उशाखाली सापडतात, बघावं.' ऑफिसात हे सगळं टाइप करणारा कारकून तिच्या नावाने बोटं मोडायचा. "बाई, तुम्ही भेटी देता की कादंबरी लिहिता?" पण तिच्या रजेत दुसरी कोणी त्या घरांना गेली, की याच शेऱ्यांवर तिचं निभावून जायचं.

सगळ्यात लांब शेरा मास्तरांचा. मास्तर म्हणजे आयुष्यभर टायपिंगचा क्लास चालवलेला गृहस्थ, दुसऱ्या मजल्यावर एकटा, गेली सहा वर्षं घराबाहेर न पडलेला. दाराची बेल त्यांना ऐकू येत नसे. काचेवर टकटक केलं की मात्र बरोबर ऐकू येई. टाइपरायटरच्या खडखडाटात कान गेले आणि तेवढाच एक आवाज राहिला, असं ते स्वतःच हसत सांगायचे. तिने लिहून ठेवलं होतं: 'बेल वाजवू नये. मागच्या जिन्याने जाऊन खिडकीच्या काचेवर नाण्याने वाजवावं. उठून दार उघडायला दहा मिनिटं लागतात. थांबावं.'

जिने चढता चढता गुडघा कामातून गेला. डॉक्टर म्हणाले, जिने बंद. पालिकेत जिने बंद म्हणजे भेटी बंद, आणि भेटी बंद म्हणजे घरी बसा. घरात ती आणि तिची लेक, दोघीच. नवऱ्याने दुसरीकडे संसार थाटला होता. त्याविषयी ती बोलत नसे, तेव्हा आपणही बोलायला नको. अशात नोटीस बोर्डावर कागद लागला. डेटा विभागात शिकाऊ उमेदवार हवेत, वयाची अट नाही. चार दिवस ऑफिसात काम, एक दिवस कॉलेज, तीन वर्षांनी पदवी. शेवटच्या प्रकल्पाला आणि तोंडी परीक्षेला चांगले गुण पडले, तर बसून करायची कायमची नोकरी. नाही पडले तर रामराम.

तीन वर्षं तिने कशी काढली ते तिचं तिला माहीत. गणित शाळेतच सुटलेलं. अकरावीतली लेक तिला स्वयंपाकाच्या ओट्याशी उभं राहून लॉगॅरिदम शिकवायची आणि चुकलं की पट्टी आपटायची. "आई, तू मुद्दाम करतेस का गं?" पहिल्या वर्षी एका विषयात नापास झाली, बाथरूममध्ये नळ सोडून रडली आणि पुन्हा बसली. दुसऱ्या वर्षी सगळे विषय सुटले. त्या संध्याकाळी लेकीने तिला उचलायचा प्रयत्न केला आणि दोघी पलंगावर आपटल्या. पुढे कधीही त्या घरात इतकं हसणं झालं नाही.

शेवटच्या वर्षी प्रकल्प मिळाला तो नेमका भेटींचाच. भेटसेविकांची तीनपैकी एक खेप वाया जाते, दार उघडत नाही. तेव्हा जुना डेटा बघून कुठलं दार उघडेल आणि कुठलं नाही, याचा अंदाज संगणकाने बांधायचा आणि रोज सकाळी सेविकांच्या फोनवर, जुन्या फॉर्मऐवजी, यादी पाठवायची. उघडणारी दारं वर, न उघडणारी खाली. एका घराला आठ मिनिटं. 'घरी नाही' असं सलग तीनदा आलं, तर नाव यादीच्या तळाला. तळाला म्हणजे कुठे, हे तिला माहीत होतं. सेविका नऊ आणि घरं दोन हजार. तळापर्यंत कोण पोचतंय?

तिचा मार्गदर्शक तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण मुलगा भला. डेटा साफ करताना दोघं शेवटच्या रकान्यापाशी आले. अकरा वर्षांचे तिचे शेरे तिथे ओळीने उभे होते. वाचता वाचता तिला हसू आलं.

"ताई, हे काय आहे?"

"शेरा. ह्यात खूप काय काय असतं."

"असेल, पण मॉडेलला ह्याचा उपयोग नाही. मजकूर घुसवला की सगळं बिघडतं. पहिल्या आवृत्तीत वगळू या, दुसरीत बघू."

"पण सेविकांना लागतो हो तो."

"शुक्रवारी सादर करायचंय, ताई."

तिने मान डोलावली. खरं सांगायचं तर तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे मास्तर नव्हते. शुक्रवार होता, लेकीचं कॉलेज होतं आणि स्वतःचा गुडघा होता. नंतर घेऊ, असं तिने मनाशी म्हटलं. रकाना काढायला प्रोग्रॅमची एकच ओळ लागते. ती तिनेच लिहिली आणि तिनेच चालवली.

यादी सुरू झाली आणि वाया जाणाऱ्या खेपा निम्म्यावर आल्या. विभागप्रमुख बाईंनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली, पालिकेच्या पत्रिकेत तिचा फोटो छापून आला. शंभरातले एक्याण्णव अंदाज बरोबर येत होते. लेकीने फोटो कापून फ्रिजवर लावला.

चार महिन्यांनी, तोंडी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, ती अहवालासाठी बरोबर आलेल्या अंदाजांचे नमुने काढत होती. एका ओळीवर तिचा हात थांबला. नावं नव्हतीच, नुसते क्रमांक आणि पत्ते. पत्ता मात्र ओळखीचा. घरी नाही. घरी नाही. घरी नाही. मग अकरा आठवडे काहीच नाही. अंदाज: दार उघडणार नाही. निकाल: बरोबर.

इतकी वर्षं घराबाहेर न पडलेला माणूस घरी नाही! तिने पर्स उचलली आणि कुणाला न सांगता भरदुपारी निघाली. दोन मजले कठड्याला धरून चढली, आणि तेही मागच्या जिन्याने, सवयीने. खिडकीपाशी पोचून पर्समधून नाणं काढलं. काचेच्या आत, खिडकीला अगदी चिकटून, एक खुर्ची होती. खुर्चीवर उशी होती. तिने काचेवर वाजवलं. पुन्हा वाजवलं. घड्याळ बघून दहा मिनिटं थांबली.

शेवटी बाजूची शेजारीण बाहेर आली. "कुणाला बघताय? मास्तर गेले की. झाले बारा दिवस. पडले होते आत. दोन दिवस तसेच होते म्हणे. दूधवाल्याला शंका आली म्हणून दार फोडलं. दवाखान्यात नेलं, पण नाही राहिले."

"पालिकेची कोणी येत नव्हती का?"

"यायची एक पोरगी, पुढच्या दाराशी. बेल वाजवून वाजवून जायची. मी दोनदा सांगितलं, थांब गं, ऐकू येत नाही त्यांना. तर म्हणाली, वेळ संपली. मग तीही यायची बंद झाली." शेजारणीने पदराने डोळे टिपले. "त्यांना वाटायचं, ती जुनी बाई येईल. दिवसभर ह्या खिडकीशीच बसून असायचे. काच वाजली तर लगेच उठता यावं म्हणून."

ते तिची वाट बघत खिडकीशी बसले, आणि पुढच्या दाराकडे त्यांची पाठ होती. ती जिन्यातच बसली. उतरायला तिला अर्धा तास लागला.

दुसऱ्या दिवशी तिने त्या सेविकेला गाठलं. जेमतेम बावीस वर्षांची मुलगी, ऐकूनच रडायला लागली. "मी तीनही वेळा बेल वाजवली हो. फोनवर आठ मिनिटंच दाखवतात. मागून जायचं, असं कुठे लिहिलं होतं का?"

"होतं," ती म्हणाली. "आता नाही."

विभागप्रमुख बाईंनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. त्या काही दुष्ट बाई नव्हत्या. दुष्ट असत्या तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. "हे बघ, एकटीच्या डोक्यावर घेऊ नकोस. वृद्ध माणूस, वय झालेलं. बेल न ऐकू आल्याने गेले, असं कुठे सिद्ध होतंय?"

"मॅडम, शेऱ्याचा रकाना आजच्या आज परत घाला. तोवर यादी थांबवा."

"यादी कशी थांबवणार? वरपर्यंत गेलीय ती. बदलाची विनंती टाक, पुढच्या वर्षीच्या कामांत विचार होईल. आणि गुरुवारी तुझी तोंडी आहे, तिकडे लक्ष दे."

तिने विनंती टाकली. तिला एक क्रमांक मिळाला.

मार्गदर्शक तिच्या टेबलाशी आला. त्याचेही डोळे लाल होते. मग हळूच म्हणाला, "ताई, आत्मपरीक्षणाला दहा गुण असतात. तिथे लिहा हे. परीक्षकांना प्रामाणिकपणा आवडतो." त्याला मदतच करायची होती. तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो निघून गेला.

त्या चार दिवसांत तिने ठरवलं. परीक्षेत सगळं उघड सांगायचं, आडपडदा न ठेवता. नापास करतील, नोकरी जाईल, चौकशी लागेल. लागू दे. कुणीतरी एकदा तोंडावर म्हणू दे की बाई, हे तू केलंस. तिला याची भीती वाटायला हवी होती, पण खरं म्हणजे तिला त्याचीच ओढ लागली होती. बुधवारी तिने लेकीला सांगितलं, "नोकरी मिळणार नाही बहुतेक." लेक तिच्या गुडघ्याला तेल लावत बसली.

गुरुवारी लांब टेबलापलीकडे दोन परीक्षक होते, एक बाई आणि एक गृहस्थ. तिने पडद्यावर पहिलं पान लावलंच नाही.

"माझ्या प्रकल्पाने एक माणूस गेला," ती म्हणाली. "बेल ऐकू येत नाही, हे मला माहीत होतं. मीच लिहून ठेवलं होतं आणि मीच पुसलं. वेळ नव्हता म्हणून. संगणक म्हणाला दार उघडणार नाही, आणि ते उघडलं नाही, म्हणून तो अंदाज तुमच्यासमोरच्या एक्याण्णवात बरोबर म्हणून मोजलाय. तो माणूस आत माझी वाट बघत बसला होता. ही यादी आजही चालू आहे. तुम्ही ती थांबवायला सांगा. मला नापास करा, पण लिहून द्या."

बाईंनी चष्मा काढून पुसला. गृहस्थ मान खाली घालून भराभर लिहीत होते. मग त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, "यातून तुम्ही काय शिकलात?"

तिला प्रश्न कळलाच नाही. त्यांनी तो पुन्हा विचारला. छापील कागदावरचा चौथा प्रश्न होता तो.

पंधरा दिवसांनी पाकीट आलं. लेकीने ते दारातच फोडलं आणि किंचाळली. "आई! विशेष प्रावीण्य! आणि हे बघ, कायम केलंय तुला!" तिने आईच्या गळ्यात हात टाकले, मग कागद वर धरून एकेक ओळ मोठ्याने वाचू लागली. तंत्र, तीसपैकी पंचवीस. सादरीकरण, वीसपैकी चौदा. आत्मपरीक्षण, दहापैकी दहा.

"आई, दहापैकी दहा!"

"हो," ती म्हणाली. नोकरी ती घेणार होती. न घेऊन जाणार कुठे? सोमवारी त्याच टेबलाशी बसायचं, तीच यादी चालवायची. तिला शिक्षा हवी होती, तीही कुणी दिली नाही.

"थांब, खाली अजून आहे," लेक म्हणाली. गुणपत्रिकेच्या शेवटी एक रकाना होता, शेऱ्याचा. त्यात परीक्षकांनी हाताने, सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'अत्यंत प्रामाणिक व परिपक्व. पुढील उमेदवारांना नमुना म्हणून दाखवावे.'