सोयरेमामा आणि गोलांचा कागद

सोयरेमामांना स्वतःच्या जन्माचे साल सांगता येत नसे. त्यांच्या सर्व शासकीय कागदांवर ते मीच अंदाजाने लिहिलेले आहे. परंतु सिंदेवाहीपासून राजुऱ्यापर्यंत कोणत्या घरात लग्नाची मुलगी आहे, तिची आत्या कुठे दिली आहे आणि त्या आत्याच्या सासऱ्याचा स्वभाव कसा आहे, हे त्यांना तोंडपाठ होते. अनोळखी मनुष्य भेटला तर ते त्याचे नाव मागाहून विचारीत. पहिला प्रश्न ठरलेला असे, "तुमचं मामाकूळ कुठलं?" उत्तर मिळाल्यावर दोन मिनिटांच्या आत तो मनुष्य त्यांचा कोणीतरी लागत असे. तहसील कार्यालयासमोरील निंबाखाली मी गेली बावीस वर्षे अर्जलेखन करीत आहे. शिक्षण नववीपर्यंतच झाले, तरी माझ्या मसुद्यात आजवर कोणत्याही साहेबाने काना-मात्रेची दुरुस्ती काढलेली नाही. असे असूनही वारसनोंदीच्या अर्जात वंशावळ अडली, तर मी निःसंकोच मामांना बोलावून घेत असे.

सोयरिकी जमविणे हेच त्यांचे आयुष्य. त्यासाठी ते पायी, सायकलने, मिळेल त्या गाडीने फिरत. "सोयरीक म्हंजे धानाचं कोवळं पऱ्हं हाय, मुन्शी," ते मला म्हणत, "उपटाले घाई केली का मुळापासून तुटते." मुलगा पाहायला गेले की ते आधी गोठ्यात शिरत. "पोरगा तं आंघोळ करून बसते. बैल थोडीच आंघोळ करून बसतेत? ज्याच्या बैलाच्या खांद्यावर घट्टे हायेत, त्याच्या घरी पोरगी द्यायची नाई." आणि मुलीच्या घरी जाण्यापूर्वी ते निरोप पाठवीत, "एक चांगली गोष्ट घेऊन येतो, दोघंही घरी राहा." मुलाचे नाव निरोपात कधीच नसे, कारण गोष्ट फिसकटली तर मुलीचे नाव चार तोंडी होऊ नये. या निरोपाचा अर्थ आमच्या पंचक्रोशीत लहान लेकरालाही ठाऊक होता.

पुढे मुलामुलींची माहिती मोबाईलवर फिरू लागली आणि मामांना येणारी बोलावणी विरळ झाली. ते माझ्या टेबलाशेजारी येऊन बसू लागले. तशातच कोणीतरी त्यांना चंद्रपुरास एका कंपनीच्या सभेस नेले. साबण, शक्तीचे औषध वगैरे आपण घ्यायचे, ओळखीच्यांना घ्यायला लावायचे, त्यांनी पुढे आणखी माणसे जोडायची, असा तो व्यवसाय. मंचावरील टायवाल्या गृहस्थाने विचारले, तुम्ही किती लोकांना ओळखता? मामा उत्तरले, "ओळखत नाई असे किती, थे विचारा." सभागृहाने टाळ्या वाजविल्या. शेकडो लग्ने जमविलेल्या त्या मनुष्यासाठी टाळ्या प्रथमच वाजल्या असाव्यात. मामा पैशाच्या मोहाने त्या व्यवसायात गेले असे लोक म्हणाले. मी ते मान्य करीत नाही. ते त्या टाळ्यांच्या मागे गेले.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी ओळखीच्यांची यादी माझ्याकडून लिहवून घेतली. पहिले नाव माझेच होते.

"मामा, मला यात ओढू नका. मी शासनाच्या दारात बसणारा मनुष्य आहे," मी म्हणालो.

"शासनाच्या दारात तं कुत्रंही बसते, मुन्शी. एक शिशी घ्या, चेहऱ्यावर तेज येईल."

मी शिशी घेतली. तेज आले नाही, परंतु मैत्री राहिली. गावातील किराणावाला, शिंपी, सायकलवाला यांनीही भिडेखातर एकेक वस्तू घेतली. मग मामा खेड्यांकडे वळले. कंपनीची शिकवण होती की, आधी विषय सांगायचा नाही. नवरा-बायको दोघांनाही बसवायचे आणि मगच कागद उघडायचा. "अरे, हे तं मी जन्मभर करून राह्यलो," मामा आनंदाने म्हणाले. निरोपाचा मजकूर मी माझ्या पद्धतीने सजविला: 'आपल्या घराच्या कल्याणाची एक चांगली गोष्ट घेऊन येत आहे, उभयतांनी घरी असावे.' अर्जाच्या माथ्यावर प्रथम विषय लिहावा, हा माझ्या व्यवसायाचा पहिला नियम. तो मी मोडला आणि वर त्या मजकुराबद्दल स्वतःचे कौतुक करून घेतले.

पहिला निरोप दादाजीभाऊंकडे गेला. सिंदेवाहीहून दोन कोसांवर त्यांची धानाची शेती. मामांनी साक्षीदार म्हणून मलाही सोबत घेतले. अंगणात ताजा सडा होता, रांगोळी होती. पाय धुवायला पितळी गडव्यात पाणी आले. बाजेवर नवी चादर अंथरलेली होती आणि त्यांच्या लग्नाच्या मुलीचा काका राजुऱ्याहून सकाळच्या गाडीने येऊन बसला होता. मला क्षणभर चुकल्यासारखे वाटले. परंतु मामांच्या डोक्यात कंपनीचे भाषण घोळत होते. त्यांनी पिशवीतून कागद काढून बाजेवर पसरला. वर एक गोल, त्याखाली दोन, त्याखाली चार.

"हे पाहा दादाजीभाऊ, हा वरचा एक. याच्या खाली हे दोन. या दोघांच्या खाली आणखी दोन-दोन."

दादाजीभाऊंनी चष्मा लावला. काकाही वाकला. दोघांनी तो कागद खालून वर, वरून खाली वाचला.

"घराणं मोठं दिसते," काका म्हणाला. "हा वरचा आजा असन. यातला आपला पोरगा कोणता?"

मामांचे बोट कागदावर जागच्या जागी राहिले.

"शेतीवर हाय का नोकरीवर?" दादाजीभाऊंनी हळूच विचारले.

आतल्या दाराशी त्यांची मुलगी वंदना ताटली घेऊन उभी होती. वय एकोणतीस. शिवणकाम करून घराला हातभार लावणारी. पोपटी साडी नेसलेली. तिला सर्वांच्या आधी कळले.

"काका, थे घराणं नोहे," ती म्हणाली. "थे साबणाची कंपनी हाय. आमच्या बचतगटात पण हाच कागद आला होता."

तिने पुढे येऊन ताटली बाजेवर ठेवली. "खा मामा. लाडू तुमच्यासाठीच केले."

काकाला मात्र राहवले नाही. "वा मामा! आता नवरदेवाच्या जागी साबण दाखवून राह्यले का? मी चार तास गाडीत उभा राहून आलो ना!"

मामांनी लाडू खाल्ला. तो घशाखाली उतरेपर्यंत मी त्यांच्याकडे पाहू शकलो नाही. मग त्यांनी कागदाची घडी केली आणि दादाजीभाऊंपुढे हात जोडले. परतीच्या वाटेवर बांधावर थांबून ते एवढेच म्हणाले, "मुन्शी, पोरीनं ती साडी नवी घेतली होती. अजून घडीची रेघ मोडली नव्हती."

ही गोष्ट मामांच्या आधी गावोगावी पोहोचली. ज्या घरांत त्यांच्यासाठी गडवा पुढे येई, तिथून "घरचे वावरात गेले" असा आवाज येऊ लागला. एके दिवशी ते टेबलाशी येऊन म्हणाले, "कंपनीले अर्ज लिहा. मी सोडलो म्हणून." कारण काय लिहू, असे मी विचारले. "लिहा, का लोकं दार लावून राह्यले. सामान खपलं नाई तं चालते. माझा शब्द खपला नाई तं मी कुठी जाऊ?" मी ते शुद्ध भाषेत लिहिले, वाचून दाखविल्यावर त्यांनी ते खोडायला लावले आणि स्वतःचे शब्द तसेच लिहवून घेतले. माझ्या मसुद्यातील ती एकमेव दुरुस्ती, आणि ती योग्य होती.

त्यानंतर सहा-सात महिने ते फारसे दिसले नाहीत. आले तेव्हा जिवतीच्या डोंगराची लाल माती त्यांच्या वहाणांना होती. तिकडे कापसाची कोरडवाहू शेती करणारा, बत्तीस वर्षांचा, निर्व्यसनी मुलगा त्यांनी पाहिला होता. परंतु दादाजीभाऊंच्या दाराशी जाण्याचा धीर होत नव्हता. "चिठ्ठी लिहा, मुन्शी. विषय पहिलेच टाका. मोठ्या अक्षरात." मी लिहिले, 'विषय: आपली कन्या वंदना हिच्या सोयरिकीबाबत.' खाली मुलाचे नाव, गाव, एकरांची संख्या, सर्व काही. आयुष्यात प्रथमच मामांनी मुलाचे नाव आधी सांगितले.

उत्तर घेऊन वंदना स्वतःच आली. तहसीलमध्ये काही काम होते म्हणाली, पण हातात कागद नव्हता. मामा शेजारीच बसले होते.

"मामा, त्याले तुम्ही स्वतः पाह्यलं?"

"दोनदा. एकदा सांगून, एकदा न सांगता."

"अन् बैल?"

"घट्टे नाईत बाई. मी हात फिरवून पाह्यलो."

ती हसली. "मग घरी या. बाबा म्हणते, मामा आल्याशिवाय आम्ही पोरगा पाहाले जात नाई."

मामांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने माझे टेबल पुसले, जिथे काहीच सांडलेले नव्हते.

साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झाला. लग्न फाल्गुनात ठरले आणि माघात, दोन दिवसांच्या तापाने, मामा गेले.

लग्न लागल्यावर मध्यस्थाला नारळ आणि दुपट्टा देण्याची आमच्याकडे रीत आहे. त्याखेरीज मामांनी कधी काही घेतले नव्हते. मांडवात ती वेळ आली तेव्हा लोक एकमेकांकडे पाहू लागले. टोमणा मारणारा तो राजुऱ्याचा काकाच उठला. नारळ-दुपट्टा हाती घेऊन म्हणाला, "चला मुन्शीजी, मामाच्या घरी नेऊन देऊ. पोरीची गाडी थांबन तवरिक."

मामी ओसरीत तांदूळ निवडीत होत्या. काकाने दुपट्टा त्यांच्यापुढे ठेवला आणि खाली मान घालून उभा राहिला. मामींनी तो उचलला, घडीवरून हात फिरविला आणि विचारले, "पोरगी रडून राह्यली का हसून राह्यली?"

"दोन्ही," काका म्हणाला.

"मग जमली सोयरीक," मामी म्हणाल्या, आणि आम्हांला बसायला सांगून पाय धुवायला पाणी आणण्यास आत गेल्या.