तांब्यातले बोट

ते प्रकरण मी विसरलेले नाही, आणि आता या वयात विसरेन असेही वाटत नाही. सत्तरच्या दशकात मी सोलापुरात साधी पोलीस शिपाई होते, चौथी शिकलेली. जबाब जमादार लिहायचे. चौकशी बाईमाणसाची असली की बोलायचे काम माझ्याकडे यायचे.

विड्या वळणाऱ्या एका विधवेने आंधळेपणाचा दाखला जोडून सरकारी मदतीसाठी अर्ज केला होता. कचेरीत निनावी पत्र आले की बाई धडधाकट आहे, दाखला खोटा आहे. तेवढ्यावर अर्ज नामंजूर झाला. तिने अपील केले, तेव्हा कचेरीने ते पत्र आमच्या ठाण्यात पाठवले. पत्र खरे निघाले तर बाईवर फसवणुकीचा गुन्हा दाखल होणार होता.

फौजदारांनी पत्र मला दाखवले. ओळी एकमेकींवर चढलेल्या. "कुणातरी अडाण्याचं अक्षर," ते म्हणाले. अक्षर माझेही अडाण्याचेच, पण माझ्या ओळी एकमेकींवर चढत नाहीत. पाकिटावर टपालाचा शिक्का दुधनी गावचा होता.

जमादार आणि मी गेलो तेव्हा बाई उंबऱ्यात बसून विड्या वळत होती. मांडीवर सूप. पान कापले, तंबाखू भरली, वळली, दोरा गुंडाळला. हात कुठे अडत नव्हता. आधी गल्लीत पाच जबाब घेतले. पाचही सारखे.

"आंदळी? कालच नळावरनं भरली घागर घेऊन गेली की."

"दिवाळीत माझी नवी साडी बघून लई झ्याक हाय म्हणली. आंदळी कशी?"

जमादारांनी सगळे लिहून घेतले. मग आम्ही तिच्या घरात गेलो. तिने प्यायला पाणी आणले. तांब्याच्या कडेवरून बोट आत घातलेले. मला किळस आली, मी तांब्या तसाच खाली ठेवला.

"मावशी, दिसतं का न्हाई ते सरळ सांगा. खोटं निघालं तर आत जाल."

"न्हाय दिसत, अक्का. आट वर्सं झाली."

"मग गल्ली खोटं बोलते?"

"गल्ली खरं बोलतीया. मीच खोटं वागले."

आधी तिला रात्रीचे दिसेनासे झाले, मग दिवसाचेही. घरात लेक लग्नाची. "आंदळीची लेक कोण करून घेतंय? घराण्यातच हाय म्हंतील." म्हणून तिने पावले मोजून नळ गाठायला शिकून घेतले. आवाजावरून माणसे ओळखून हाका मारायची. साडी नवी आहे हे तिला करकर आवाजावरून कळायचे. लेकीशिवाय कुणाला माहीत नव्हते. दोन वर्षांमागे लेक दुधनीला दिली, म्हणून आता अर्ज करायचे धाडस केले.

आठ वर्षे एक बाई भर गल्लीत आंधळी होती आणि शेजारच्या भिंतीला पत्ता नव्हता.

"पाच जबाब तुमच्याविरुद्ध आहेत," जमादार म्हणाले. "तुमच्या बाजूनं कोण बोलणार?"

ती म्हणाली, "चेकरला इचारा."

चेकर म्हणजे कारखान्यात विड्या तपासून घेणारा. तिथे दोन छापांच्या विड्या होत्या, एकीला लाल दोरा, दुसरीला काळा. त्याने वही काढली. नापास विड्यांना तिथे छाट म्हणतात. या बाईच्या नावापुढे छाटीचा रकाना वर्षानुवर्षे रिकामा होता. दोन वर्षांमागच्या एका आठवड्यापासून तो भरत गेला होता.

"हात म्हणजे यंत्र हो बाईचा," चेकर म्हणाला. "एकाएकी काय झालं कोण जाणे. काळ्याच्या गड्डीत लाल, लालच्या गड्डीत काळा. मला वाटलं, पोरगी गेली, म्हातारी प्यायला लागली."

लेकीचे लग्न त्याच आठवड्यातले. रोज सकाळी दोऱ्याचे रीळ आईच्या हातात तीच द्यायची.

वहीचा उतारा घेतला आणि आम्ही दुधनी गाठली. सासू ओट्यावर बसली होती. जमादार बाहेर थांबले, मी पोरीला स्वयंपाकघरात नेले आणि पत्र पुढे धरले. तिने मान वाकडी करून ते डोळ्याच्या कोपऱ्याशी नेले.

"मीच लिवलं," ती हळू म्हणाली. "कचेरीत आईचं नाव लागलं की हितं कळणार. आंदळीची लेक म्हणून मला माघारी धाडतील."

"आई तुरुंगात गेली असती."

"मला वाटलं नुस्ता अर्ज जाईल."

बाहेरून सासू ओरडली, "पोलीसबाईस्नी पाणी दिलंस का गं?"

"देते की, अत्ती."

भर दुपार होती, दार सताड उघडे. पोरीने पाण्याची घडवंची चाचपली, तांब्या उचलला आणि कडेवरून बोट आत घालून पाणी ओतले. पाणी बोटाला लागले तेव्हा थांबली.

मी तांब्या तिच्या हातातून घेतला.

"कवापासनं?"

"कुणाला बोलू नका, अक्का. पाया पडते."

मी ते पाणी प्याले. अहवालात लिहवून घेतले की पत्र लिहिणारा मिळून आला नाही. वहीचा उतारा जोडला. बाईचे अपील मंजूर झाले. सांगायला मीच गेले. ती वळतच होती.

"पत्र कुणी लिवलं हुतं?"

"सापडलं नाही."

"दुधनीला गेला हुता न्हवं? लेकीनं पाणी दिलं?"

"दिलं."

"बोट घालून?"

मी उठून उभी राहिले. तिचे हात थांबले. ते हात थांबलेले मी तेव्हाच पाहिले.

त्या शेजारणीला साडीचा रंग बाईने सांगितला होता का, एवढे मी विचारले असते तर काम पहिल्याच दिवशी झाले असते. पुढच्या नोकरीत मी ‘आम्ही रोज बघतो’ हा जबाब कधी घेतला नाही. काय बघितले, ते विचारले. हे मी शिकले.

दुसरी गोष्ट शिकायला उशीर झाला. त्या पोरीला थोडे दिसत होते, आणि डोळ्यांचा डॉक्टर काही फार लांब नव्हता. तो तिला वाचवू शकला असता की नाही, मला माहीत नाही. पण त्या दोघी लपवत होत्या, त्यात मी तिसरी झाले. मी तिच्यावर दया केली असे लोक म्हणतील. मी तसे म्हणत नाही.