गाळलेला परिच्छेद

माशांची बर्फाची पेटी उघडण्याआधी मास्टरमोशाय झाकणावर बोटांनी दोनदा टकटक करत आणि विचारत, "आशते पारी?" म्हणजे, आत येऊ का? मग क्षणभर थांबून, आतून होकार आल्यासारखी मान हलवत आणि झाकण उचलत. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला हसू आवरलं नाही. ते मुळीच रागावले नाहीत.

"हसा. पण हे घरदार सोडून आलेले लोक आहेत. विचारायला नको?"

स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली होती. केंद्र सरकारच्या नोकरीत मी रत्नागिरीहून कलकत्त्याला, माशांवर संशोधन करणाऱ्या एका लहानशा प्रयोगशाळेत आलो होतो. ते तिथे सहायक होते. मूळचे पूर्व बंगालातल्या बारिसालचे, तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायचे. फाळणीत सगळं मागे टाकून आले आणि पन्नाशी उलटल्यावर पुन्हा खालच्या पायरीपासून सुरुवात केली. साहेबांपासून चपराशापर्यंत सगळे त्यांना मास्टरमोशाय, म्हणजे गुरुजी, म्हणत. आमचं बोलणं हिंदी-बंगालीच्या खिचडीत चाले. इथे मी ते मराठीत सांगतो आहे.

माशाकडे पाहण्याची त्यांची तऱ्हा तुम्ही पाहायला हवी होती. इलिश या त्यांच्या लाडक्या नदीच्या माशाचं एक खवलं सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून ते त्यावरची वर्षावर्षाची वलयं मोजत आणि गावातल्या ओळखीच्या माणसाबद्दल सांगावं तसं सांगत, "या वर्षी पोटभर जेवलाय. पुढच्या वर्षी मात्र हाल झालेत बिचाऱ्याचे." समुद्राच्या माशाबद्दल त्यांना फारसं प्रेम नव्हतं. मी बांगड्याचे गोडवे गाऊ लागलो की ते शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "तुमच्याकडे नद्या लहान. तुमचा तरी काय इलाज!"

त्या सुमारास शहराला मासा कमी पडू लागला, आणि समुद्रातून मासा आणून लोकांना खायला लावायचं असं वरून ठरलं. आमच्याकडे बांगड्याच्या पेट्या येऊ लागल्या. तो किती दिवस टिकतो, कधी खराब होतो, हे तपासणं मास्टरमोशायांचं काम. ते डाव्या अंगठ्याने कल्ले उचलत, डोळे मिटून वास घेत आणि मला सांगत, "लिहा, नाक हो म्हणतंय."

एकदा नाक हो म्हणालं, पण त्यांनी मला ते लिहू दिलं नाही. त्या पेटीतला मासा होडीवर अर्धा दिवस उन्हात पडला होता आणि बर्फ त्याला धक्क्यावर आल्यावर मिळाला होता, असं त्यांनी गाडीवाल्याकडून काढून घेतलं होतं. मासा दिसायला चांगला होता. वासही चांगला. त्यांनी त्यातला एक हळद-मीठ लावून प्रयोगशाळेतल्या शेगडीवर शिजवला आणि माझ्या देखत खाल्ला.

अर्ध्या तासात त्यांची मान लाल झाली. मग चेहरा, मग डोळे. कपाळाच्या शिरा उडू लागल्या. मी डॉक्टरांकडे धावायला निघालो, तर त्यांनी माझा हात धरला.

"आधी वेळ लिहा! मग डॉक्टर."

संध्याकाळपर्यंत ते बरे झाले. पण पुढे आणखी दोनदा त्यांनी तेच केलं. उन्हात राहिलेला मासा खाल्ला की मान लाल होई, होडीवरच बर्फात घातलेला खाल्ला की काही होत नसे. नेमकं काय होतं ते त्यांना सांगता येईना, पण काय करायला हवं ते कळलं होतं. मासा पकडल्याबरोबर बर्फात गेला नाही तर तो विकू नये. कारण हा दोष नाकाला कळत नाही आणि शिजवून जात नाही.

अहवाल इंग्रजीत लिहून काढायचं काम माझं. या धोक्याचा परिच्छेद मी नीट लिहिला. साहेबांनी तो वाचला आणि लाल पेन्सिलीने भोवती चौकट आखली.

"एका म्हाताऱ्याची मान लाल झाली, हे काय शास्त्र झालं? पुढच्या महिन्यात एस्प्लनेडच्या चौकात लोकांना बांगडा चाखवायला आपला मंडप लागतोय. हे पुढच्या अहवालात घेऊ. तुमच्या कायम होण्याचे कागदही माझ्याकडेच आहेत, नाही का?"

माझी बायको पहिलटकरीण होती. परक्या मुलखात आम्ही दोघंच. ही कारणं मी तेव्हाही स्वतःला दिली होती आणि आजही देतो. मी परिच्छेद गाळून अहवाल पुन्हा टाइप केला आणि तपासणाऱ्याच्या सहीसाठी मास्टरमोशायांपुढे ठेवला. ते वाचतील, चिडतील, साहेबांकडे जातील आणि मी सुटेन, अशी मला आशा होती.

त्यांनी पानं उलटलीसुद्धा नाहीत. "तुम्ही लिहिलंय ना? तुमचं इंग्रजी तपासायला मी काय इन्स्पेक्टर आहे?" असं म्हणून त्यांनी सही केली.

मंडपात तळलेल्या बांगड्याचे तुकडे लोकांना फुकट वाटत होते. पहिले दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी मास्टरमोशाय त्यांच्या निर्वासित वस्तीतल्या शाळेची वीस-बावीस मुलं घेऊन आले. रविवारी ते तिथे शिकवत. मला पाहून त्यांनी लांबूनच हात केला. मुलं वासाने नाकं मुरडत होती. "खा रे, आमच्या तपासणीच्या नियमानेच आणलाय," असं म्हणत त्यांनी स्वतःच्या हाताने एकेकाला तुकडा दिला. मी दहा पावलांवर उभा होतो. कदाचित हा मासा चांगलाही असेल, असं मी मनाशी म्हणालो.

तासाभरात मुलांची तोंडं लाल झाली. काही ओकू लागली, काही अंग खाजवत रडू लागली. बहुतेक सगळी रात्रीपर्यंत बरी झाली. एका दम्याच्या मुलीला मात्र श्वास घेता येईना. ती बरेच दिवस दवाखान्यात होती.

चौकशी झाली. अधिकाऱ्याने अहवाल मास्टरमोशायांपुढे सरकवला आणि विचारलं, "यात धोक्याबद्दल एक अक्षर नाही. तुम्हाला तो माहीत नव्हता?"

तेव्हा त्यांनी तो पहिल्यांदा वाचला. सावकाश, ओळीवर बोट ठेवून. शेवटच्या पानावर आले, पुन्हा मागे गेले. मग माझ्याकडे पाहिलं. साहेब खिडकीबाहेर बघत होते. मी तोंड उघडलं असतं तर तीन वाक्यांत सगळं संपलं असतं.

"सही माझी आहे," ते म्हणाले. "वाचून केली आहे."

त्यांना नोकरी सोडावी लागली. आवराआवर करत होते तेव्हा मी त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिलो. त्यांनी टाचणांच्या वह्या माझ्याकडे दिल्या. मग म्हणाले, "लिहिलं नाहीत ते समजू शकतो. पण मला नुसतं तोंडाने सांगितलं असतंत, तर मी मुलांना आणलं नसतं."

मी वह्या सारख्या करू लागलो. वर पाहिलं तेव्हा ते जिन्याकडे वळले होते.

महिन्याभरात मी कायम झालो. मुलगा झाला. काही वर्षांनी होडीवरच बर्फ ठेवण्याची सूचना आमच्याच कचेरीतून निघाली. मसुदा मी त्यांच्या वह्यांवरून केला. खाली माझं नाव आलं. ती छापील सूचना घेऊन मी एका दुपारी त्यांच्या वस्तीत गेलो. काय बोलायचं ते वाटेत ट्राममध्ये पाठ केलं होतं.

दार एका तरुण मुलीने उघडलं. ते केव्हाच वस्ती सोडून गेले, म्हणाली. कोणी म्हणतं आसामला, कोणी म्हणतं परत बारिसालला. त्यांच्या खोलीत आता ती आणि तिची आई राहत होत्या.

"मी दवाखान्यात होते तेव्हा रोज यायचे," ती म्हणाली. "फाटकापाशीच उभे राहायचे. आई आत येऊ द्यायची नाही. नंतर वस्तीतही कोणी मुलं पाठवेना त्यांच्याकडे. आई अजून त्यांचं नाव काढू देत नाही." बोलताना तिला मध्येच थांबून श्वास घ्यावा लागत होता. मग तिने विचारलं, "आपण त्यांचे कोण?"

पाठ केलेलं सगळं माझ्या ओठांवर होतं. आतून तिच्या आईने कोण आलंय म्हणून हाक मारली.

"एका ऑफिसात होतो," मी म्हणालो, आणि वळलो.