सही होण्याआधी

माझी बायको मंजिरी आज मेलबर्नच्या काउंटी कोर्टात न्यायाधीश आहे. लोक अभिनंदन करतात, मी हसून "थँक यू" म्हणतो आणि आतल्या आत चिडतो. तिच्यावर आणि तिच्याहून जास्त स्वतःवर.

साताऱ्यात तिची सहा वर्षांची वकिली होती. माझ्या आयटीच्या नोकरीपायी ती सोडून मेलबर्नच्या टार्निट उपनगरात आली. इथे तिच्या सनदेची किंमत शून्य! पुन्हा युनिव्हर्सिटी, पुन्हा परीक्षा, मग फौजदारी खटले. सकाळच्या ट्रेनमध्ये केसचे कागद वाचतावाचताच डबा खायची. सोळा वर्षं गेली यात.

तिचे वडील, नाना, साताऱ्याच्या कोर्टात बत्तीस वर्षं बेंच क्लार्क. जजसाहेबांच्या समोर खाली बसून कागद पुढे सरकवायचे. लेक त्या वरच्या खुर्चीत बसलेली बघायची, एवढंच त्यांना आयुष्याकडून हवं होतं. तिने अर्ज केला तेव्हा नानांनी मला फोनवर विचारलं, "गुरुदत्तराव, तिकडे जज निवडून देतात का हो? मी येतो मत द्यायला."

म्हटलं, "नाही नाना, इथे सरकार नेमतं."

"मग ठीक आहे. हिला कुठे भाषणं ठोकता येतात!"

मे महिन्यात एका दुपारी तिला फोन आला. निवड झाली होती. पण सरकारी सही होऊन जाहीर व्हायला पंधराएक दिवस लागणार होते, तोवर नवऱ्याखेरीज कुणाला सांगायचं नाही. नेमके त्याच आठवड्यात नाना हृदयाच्या दुखण्याने आयसीयूत. व्हिडिओ कॉलवर नाकात नळी, तरी पहिला प्रश्न तोच.

"काय झालं गं तुझं?"

"अजून काही कळलं नाही, नाना."

कॉल संपल्यावर मी भडकलोच. "अगं, मरणाच्या दारातल्या बापाला सांगायला कसली आलीय परवानगी?"

"सही झाल्याशिवाय निकाल बाहेर जात नाही," ती म्हणाली. "नानांनी जन्मात कधी आईलासुद्धा सांगितला नाही. मी सांगितलं तर पहिले तेच रागावतील."

कप्पाळ माझं! पण मी तरी कुठे शहाणा? मेहुण्याला, चारुदत्तला, एक फोन केला असता तर काम झालं असतं. मीही गप्प बसलो.

त्या कॉलनंतर नवव्या दिवशी नाना गेले. धावतपळत पोचलो, तोवर अंत्यदर्शनही हुकलं होतं. साताऱ्याजवळच्या माहुलीच्या संगमावर अस्थी सोडून वर आलो आणि तिच्या मोबाइलवर ईमेल आली. नाव जाहीर झालं होतं.

"दादा, मी जज झाले," ती चारुदत्तला म्हणाली. "मला आधीच माहीत होतं रे. नानांनी विचारलं तेव्हाही."

तो म्हणाला, "त्या कॉलनंतर नानांनी आम्हा सगळ्यांना बजावलं होतं. म्हणाले, तिला आता कुणी विचारू नका. झालं नसणार तिचं. मला वाईट वाटेल म्हणून सांगत नाहीये पोर."

मंजिरी घाटाच्या ओल्या पायरीवर मटकन बसली. येणारेजाणारे बघत होते, त्याची तिला शुद्ध नव्हती. नदीकडे तोंड करून ती ओरडत राहिली, "नाना, झालंय माझं! नाना, अहो, झालंय!"