बिनविरोध पाणीमंत्री

पालेगावच्या नाथा भोइराची अंजनी आठवीत असताना मंत्री झाली, ती केवळ शाळेत यायला उशीर झाला म्हणून.

ते साल बावन्न. देशातली पहिली मोठी निवडणूक नुकतीच होऊन गेली होती आणि अंबरनाथच्या हायस्कुलाचे हेडमास्तर विष्णुपंत यांच्या अंगात ती पुरती भिनली होती. शाळा उघडताच त्यांनी मुलांचं मंत्रिमंडळ काढायचं ठरवलं. खाती पाडली, बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांना चिरा पाडून मतपेट्या केल्या. मुख्यमंत्रिपदाला एका कारखान्यातल्या ऑफिसरचा मुलगा, अकरावीतला गुरुदत्त, उभा राहिला. त्याने भाषणात ‘बंधुभगिनींनो’ नऊ वेळा म्हटलं आणि तो निवडून आला. सहलमंत्री व्हायला तर सात जण पुढे सरसावले. राहिलं पाणी खातं. त्याला कुणी हात लावेना. व्हरांड्याच्या टोकाला दोन रांजण होते, शिपाई हरिचंद्र विहिरीवरून कावडीने ते भरायचा आणि मधल्या सुट्टीत तिथे जी झुंबड उडायची तिच्यात चांगल्या चांगल्यांच्या टोप्या रांजणात पडायच्या.

“पाणीमंत्रिपदासाठी कोण उभं आहे?” सभेत विष्णुपंतांनी विचारलं. मुलं मान खाली घालून बसली. त्यांनी पुन्हा विचारलं. मग चष्मा कपाळावर सरकवून दाराकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

“ती बघा! एक मुलगी उभी आहे! आणखी कोणी? नाही? मग बिनविरोध!”

अंजनी दारापाशी उभी होती, कारण उशिरा येणाऱ्याने दारातच उभं राहायचं असा शाळेचा नियम होता. पालेगावाहून बांधाबांधाने येताना तिचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने माखले होते. “सर, मी उशिरा आले म्हनून...” ती सांगू लागली, पण टाळ्यांत तिचा आवाज बुडाला. अंजनीचा आवाज बुडाला असं त्यानंतर कधीच घडलं नाही. भाताच्या खाचरावरची पाखरं हाकून कमावलेला आवाज होता तो.

घरी आई, बनूबाई, भाकऱ्या थापत होती. बातमी ऐकून तिचा हात थांबला.

“मंत्री? मंग गाडी देतात?”

“नाय.”

“शिपाई?”

“नाय गं.”

“मंग देतात तरी काय?”

“ओगराळं,” अंजनी म्हणाली. रांजणातून पाणी काढायचं लांब दांड्याचं ते पितळी ओगराळं त्या दिवसापासून तिच्या ताब्यात आलं होतं.

बनूबाईला ते काही पटलं नाही, पण लेक मंत्री झाली हे तिने सकाळच्या आत साऱ्या पालेगावाला सांगितलं. ओगराळ्याचं सांगितलं नाही.

बाकीचे मंत्री छातीवर बिल्ले लावून हिंडत होते. अंजनीने मात्र पहिल्याच दिवशी व्हरांड्यात खडूने रेघ ओढली आणि आरोळी ठोकली, “रांग! रेघंच्या बाहेर पाय गेला तर मागं जायचं!” अकरावीची मुलं हसली. अंजनीने त्यांनाच मागे पाठवलं. दोन-चार दिवसांत पाचवीच्या चिमुरड्यांना पहिल्यांदाच मधल्या सुट्टीत पाणी मिळायला लागलं. ओगराळं फक्त अंजनीच्याच हातात. दोघं-तिघं मुलगे त्यानंतर घरून फिरकीचे तांबे भरून आणू लागले. भोइराच्या पोरीच्या हातचं पाणी त्यांच्या घरी चालत नव्हतं, हे अंजनीला कळलं. ऑक्टोबरचं ऊन तापलं, तांबे अकरा वाजताच रिकामे झाले, आणि ते मुलगे मुकाट्याने रांगेत आले. तिने इतरांसारखंच त्यांच्या ओंजळीत पाणी घातलं. जरा जास्तच घातलं.

कटकट एकच होती, टेकचंदची. तो उल्हासनगरच्या सिंधी निर्वासितांच्या कॅम्पातला. बापाचं अंबरनाथला दुकान होतं म्हणून मराठी शाळेत आलेला. तो रोज सर्वांत आधी रांगेत उभा राही आणि आपला नंबर पेरूच्या बदल्यात दुसऱ्याला देई. अंजनीने पकडलं तेव्हा म्हणाला, “अगं, नंबर मेरा है! मी कुणालाही देईन!”

“दे. पन पेरू सरकारजमा.”

सरकारने ते पेरू तिथेच मीठ लावून खाल्ले.

विष्णुपंतांना या खात्याचा फार अभिमान वाटू लागला. त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात पाटी लिहून रांजणांवर टांगली : ‘नियम सर्वांस समान.’ खाली सही.

दिवाळीपूर्वी एका दुपारी शाळा तपासायला ठाण्याहून इन्स्पेक्टर साहेब आले. स्टेशनापासून उन्हातून चालत आल्याने त्यांचा घसा कोरडा पडला होता. मधली सुट्टी चालू होती. हरिचंद्र त्यांच्यासाठी चहा सांगायला गेलेला. साहेब थेट रांजणापाशी गेले आणि त्यांनी हात पुढे केला.

“रांग तिकडनं हाय,” अंजनी म्हणाली.

“मुली, मी कोण आहे ठाऊक आहे का?”

“नाय. सांगा की. पन रांगंत उभं राहून सांगा.”

मुख्यमंत्री गुरुदत्त धावत आला. “अगं अंजनी, हे इन्स्पेक्टर आहेत! सरकारचे!”

“ते सरकारचे. पानी शाळेचं.” तिने पाटीकडे बोट दाखवलं.

साहेबांनी पाटी वाचली. सहीही वाचली. मग टोपी सारखी करून ते पाचवीतल्या सदूच्या मागे जाऊन उभे राहिले. पुढे सोळा मुलं होती.

हा प्रकार विष्णुपंतांनी ऑफिसच्या खिडकीतून पाहिला आणि ते धोतराचा सोगा सावरत धावले. साहेबांना सोडवायलाच धावले होते. पण जवळ आल्यावर थबकले. सगळी शाळा बघत होती, डोक्यावर आपलीच पाटी लटकत होती. शेवटी तेही साहेबांच्या मागे उभे राहिले.

“तुम्हीसुद्धा?” साहेबांनी मान वळवून विचारलं.

“हो. म्हणजे... नियम आहे.”

रांग पुढे सरकली. सदू पोटभर पाणी प्यायला, वर त्याने तोंड धुतलं. साहेबांनी ओंजळ पुढे केली. अंजनीने ओगराळं घातलं, तर ते तळाला लागून खणकन वाजलं. दुसऱ्या रांजणात घातलं. तिथेही खणकन. तेवढ्यात घंटा झाली.

“संपलं,” अंजनी म्हणाली, आणि तिला पहिल्यांदाच साहेबांची दया आली. “उद्या लवकर या.”

साहेबांनी शेराबुकात दोनच वाक्यं लिहिली : ‘विद्यार्थ्यांची शिस्त उत्तम. शाळेत पाणी नाही.’

ते गेल्यावर विष्णुपंतांनी अंजनीला ऑफिसात बोलावलं. “तू राजीनामा दे.”

“राजीनामा म्हंजे काय, सर?”

“आपण होऊन घेतलेलं पद आपण होऊन सोडायचं.”

अंजनीने थोडा विचार केला. “पन मी आपन होऊन घेतलंच नव्हतं. तुमीच दिलंत.”

विष्णुपंतांनी चष्मा काढून पुसला. “जा वर्गात,” ते म्हणाले.

झालं ते असं, की शाळेत नळ हवा म्हणून विष्णुपंत तीन वर्षं शाळा चालवणाऱ्या संस्थेकडे अर्ज करत होते आणि संस्था तीन वर्षं ‘विचाराधीन’ म्हणत होती. आता खुद्द साहेबांचा शेरा आला. त्याला उत्तर देणं भाग होतं. संक्रांतीच्या आत पाइप आला आणि ओळीने चार नळ बसले. उद्घाटनाला गुरुदत्तने एवढं लांब भाषण केलं की खालच्या वर्गातली मुलं तोवर मागच्या बाजूने पाणी पिऊन आली.

पण चार नळांना रांग लागेना, आणि रांग नाही म्हटल्यावर मंत्री कशाला? विष्णुपंतांनी सभेत पाणी खातं बरखास्त झाल्याचं सांगितलं, अंजनीची तोंडभर स्तुती केली आणि ओगराळं मागून घेतलं. त्यानंतर दोन-तीन दिवस ती मधल्या सुट्टीत नळांपाशी नुसतीच उभी राहायची. हातांचं काय करावं ते तिला कळत नव्हतं. पाचवीतली मुलं नळ सोडून एकमेकांवर पाणी उडवत होती. तिला ओरडावंसं वाटे, पण आता कुठल्या अधिकाराने ओरडायचं?

एका रविवारी दुपारी ती ओटीवर भात पाखडत बसली होती, तेव्हा गावातली म्हातारी विठा काठी टेकत आली. ओढ्यावरची फळी पावसात वाहून गेली होती, दोन वेळा सांगूनही लोकल बोर्डाचा साहेब नवी घालत नव्हता.

“मंत्रीबाय, तू सांग जरा त्या साहेबाला.”

“मावशे, मी आता मंत्री नाय. खातंच गेलं.”

विठा ओटीच्या कडेला टेकली.

“खातं गेलं,” ती म्हणाली, “मंग लिवायचा हातपन गेला काय गं?”

अंजनीने सूप खाली ठेवलं. दप्तरातून वहीचं कोरं पान फाडलं, दौत उघडली आणि वर ठसठशीत लिहिलं : ‘साहेबांस, पालेगावच्या ओढ्यावर फळी नाही.’ मग थांबून विचारलं, “मावशे, तो साहेब कंदी या वाटेनं जातो का?”

“बेस्तरवारी जातो ना. पलीकडच्या वाडीला.”

“मंग अर्ज बुधवारी देऊ. बेस्तरवारी साहेबाचेच पाय भिजतील,” अंजनी म्हणाली, आणि तिने पुढे लिहायला घेतलं.