अप्पांची आवक-जावक

“ताई, आमच्या मेलवरून दुसराच कुणीतरी पाहुण्यांकडे पैसे मागतोय!”

मनीषाचा आवाज फोनमधून एवढा चढला, की माझ्या दुकानातलं गिऱ्हाईक प्रिंटर सोडून माझ्याकडे बघायला लागलं. श्रीवर्धनला माझं कॉम्प्युटर सर्व्हिसचं दुकान आहे. वाय-फाय गेलं की गावाला माझी आठवण येते, एरवी रस्त्यात कुणी ओळख देत नाही. मनीषा मात्र तशी नव्हे. सणासुदीला आठवणीने डबा पाठवते. म्हणून शटर अर्धं ओढलं आणि स्कूटर काढली.

मनीषाने मुंबईची नोकरी सोडून सासरच्या सुपारीच्या वाडीत तीन खोल्यांचा होमस्टे उभा केला होता. नवरा अजून मुंबईतच. दिवाळीच्या सुट्टीचं बुकिंग फुल्ल झालं होतं, आणि नेमकं तेव्हाच हे. मी पोचले तेव्हा ती अंगणातच उभी होती.

“एकानं जरी पैसे भरले आणि इंटरनेटवर लिहिलं ना, की हे लोक फसवतात, तर संपलं सगळं. पुन्हा मुंबई, पुन्हा नोकरी, आणि पोरगी इथे आजी-आजोबांकडे.”

“आधी मला लॅपटॉप दे. रडायचं ते नंतर बघू.”

माझं बोलणं असंच आहे. सवय झाली आहे लोकांना.

झालं होतं असं. पुण्याच्या एका बाईंनी सकाळी मनीषाला फोन केला. होमस्टेच्या मेलवरून त्यांना निरोप आला होता, की पूर्ण रक्कम आजच या लिंकवर भरा, नाहीतर खोली दुसऱ्याला देऊ. मेलचा पत्ता खराखुरा होमस्टेचाच. म्हणजे भामटा दारातून वाकून बघत नव्हता, घरात शिरून बसला होता.

पहिल्यांदा पासवर्ड बदलला. मग हे खातं जिथे जिथे उघडं होतं, तिथून सगळ्यांना बाहेर काढलं. मेलच्या सेटिंगमध्ये ती सोय असते, पण ती कुणी उघडून बघत नाही. त्यानंतर फिल्टर तपासले. फिल्टर म्हणजे मेलला आधीच देऊन ठेवलेली सूचना, की अमक्या प्रकारचं पत्र आलं तर तमक्या जागी टाक. या पठ्ठ्याने सूचना दिली होती, की ज्या उत्तरात पेमेंटचा उल्लेख असेल ते थेट कचऱ्यात. पाहुणे शंका विचारत होते आणि त्या शंका मनीषाला दिसतच नव्हत्या. हुशार होता मेला.

“पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे?” मी विचारलं.

“मला आणि अप्पांना.”

अप्पा म्हणजे मनीषाचे सासरे. ते ओटीवर झोपाळ्यावर बसले होते, पण झोपाळा हलत नव्हता. तहसील कचेरीत आवक-जावक टेबलावर त्यांची सगळी नोकरी गेली. आवक म्हणजे आलेला कागद, जावक म्हणजे गेलेला. आलेल्या प्रत्येक कागदाला उत्तर जायलाच हवं आणि टेबलावर काही पेंडिंग राहता कामा नये, या एका तत्त्वावर माणूस निवृत्त झाला. होमस्टेचा मेल तेच बघायचे. हौसेने मागून घेतलेलं काम होतं.

मी ‘पाठवलेले मेल’ हा फोल्डर उघडला आणि डोक्याला हातच लावला.

अप्पांनी स्पॅमला उत्तरं दिली होती. स्पॅम म्हणजे हजारो लोकांना एकगठ्ठा पाठवलेला नको असलेला मेल. लॉटरी लागली, कर्ज घ्या, वजन घटवा. आपण तो न उघडता उडवतो. अप्पांनी एकूणएक वाचला होता आणि परदेशातल्या भामट्यांना शुद्ध सरकारी मराठीत जावक केली होती.

“विषय : लॉटरी लागल्याबाबत. संदर्भ : आपला कालचा ई-मेल. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, मी कोणत्याही लॉटरीचे तिकीट घेतलेले नाही. सबब सदर रक्कम योग्य व्यक्तीस अदा करण्यात यावी. आपला विश्वासू.”

वजन घटवायच्या गोळ्यांना वेगळं उत्तर होतं. “माझी प्रकृती मुळातच किरकोळ असल्याने सदर गोळ्यांची आवश्यकता नाही. तथापि शेजारी विचारून कळवितो.” आणि खाली दुसऱ्या दिवशीचा मेल : “शेजाऱ्यांनीही नकार कळविला आहे.”

“अप्पा! तुम्ही खरंच शेजारी विचारून आलात?”

“मग? कळवतो म्हटल्यावर कळवायला नको?”

एका परदेशी विधवेने तिची इस्टेट अप्पांच्या नावावर करायची इच्छा दर्शवली होती. तिला त्यांनी यजमानांच्या निधनाबद्दल शोक कळवून इस्टेट सविनय नाकारली होती. मला हसू आवरेना. मनीषाने असं काही बघितलं माझ्याकडे, की मी हसणं गिळलं.

घोळ इथूनच सुरू झाला होता. स्पॅम पाठवणाऱ्याला आपला पत्ता चालू आहे की बंद, हे माहीत नसतं. तो अंधारात दगड मारत असतो. आपण नकाराचं उत्तर दिलं तरी त्याला कळतं, की इथे माणूस राहतो आणि तो वाचतोसुद्धा. मग तो पत्ता पुढे विकला जातो. त्यात अप्पांनी हा पत्ता रस्त्यावरच्या पाटीवर रंगवला होता, आणि कोकणातल्या पर्यटनाचा जो व्हिडिओ दिसेल त्याच्या खाली संपर्कासाठी म्हणून टाकला होता. इंटरनेटवर असे पत्ते गोळा करत फिरणारे प्रोग्रॅम असतात. त्यांना तर मेजवानीच.

शेवटी सापडला तो फिशिंगचा, म्हणजे गळ टाकून पासवर्ड काढून घेणारा मेल. तुमचा मेलबॉक्स भरला आहे, आज संध्याकाळपर्यंत पासवर्ड टाकून खात्री करा, अन्यथा खातं बंद होईल. अप्पांनी पासवर्ड टाकला होता. मुदतीच्या आत.

“अहो, कुठलीही कंपनी मेल पाठवून पासवर्ड मागत नाही! कधीच नाही!” माझा पारा चढला.

“मुदत दिली होती गो,” अप्पा हळू आवाजात म्हणाले. “मी जन्मात कधी मुदत चुकवली नाही.”

मग आम्ही पाहुण्यांना फोन करत सुटलो. अर्धे मनीषाने, अर्धे मी. पुण्याच्या बाईंना मी विचारलं, की तुम्हाला संशय कसा आला?

“अहो, तुमच्या अप्पांनी मला खोलीत पंखा आहे का याचं तीन परिच्छेदांत उत्तर दिलं होतं. विषय, संदर्भ, सगळं. शेवटी आपला विश्वासू. आणि हा मेल दोन ओळींचा, वर ना विषय ना महोदया. म्हटलं, एक तर अप्पांना बरं नाही, नाहीतर हे अप्पा नाहीत.”

पुढच्या तीन-चार फोनवर हेच ऐकलं. अप्पांच्या पत्राची नक्कल त्या भामट्याला जमलीच नव्हती. मनीषाच्या चेहऱ्यावर जरा रंग आला.

आणि मग कोल्हापूरचं एक नवं जोडपं लागलं. त्यांचं बुकिंग मनीषाशी फोनवर झालेलं, अप्पांचा एकही मेल त्यांनी पाहिलेला नव्हता. त्यांनी कालच पैसे भरले होते.

मनीषाने फोन माझ्या हातात दिला. मी त्यांना आधी बँकेला आणि सायबर हेल्पलाइनला फोन करायला लावला. अशा वेळी आपली चूक झाली म्हणून लाजत बसायचं नसतं, जितक्या लवकर कळवू तितकी पैसे अडवले जायची शक्यता जास्त. त्यांनी तक्रार केली. मी हे लिहीपर्यंत तरी पैसे परत आलेले नाहीत.

“फोन इकडे दे,” अप्पा उठून आले. फोन दोन्ही हातांनी धरून म्हणाले, “चूक माझ्या हातून झाली आहे. तुम्ही ठरल्याप्रमाणे या. इथे एक पैसा द्यायचा नाही.” मग आत जाऊन पाणी प्यायले आणि पुन्हा झोपाळ्यावर जाऊन बसले.

मला फार वाईट वाटलं. आपण मघाशी ओरडलो, तेही टोचायला लागलं. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

“कुणाचा कागद अडवून ठेवला नाही कधी,” ते म्हणाले. “त्यात चुकलं काय, तेवढं सांग.”

आता त्यांना काय सांगायचं? स्पॅम, फिशिंग हे शब्द मी तीनदा वापरले होते आणि तिन्ही वेळा ते नुसतेच मान डोलावत होते. मग एकदम सुचलं.

“अप्पा, कचेरीत निनावी अर्ज यायचे?”

“ढिगानं!”

“त्यांचं काय करायचात?”

“काय करायचं? दप्तरी दाखल. निनावी अर्जावर कार्यवाही नसते.”

“अप्पा, हे सगळे निनावी अर्ज आहेत. खाली नाव असलं तरी निनावीच. नाव काय, कुणीही लिहील. ज्याला आपण फोन करून विचारू शकत नाही, तो निनावी.”

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. झोपाळा हलला.

“अगो, मग हे आधी नाही का सांगायचं!”

त्या दिवशी दोन पत्ते करून दिले. एक पाटीवरचा, जगजाहीर. तिथे काय वाटेल तो कचरा येऊ दे. दुसरा फक्त बुकिंग झालेल्या पाहुण्यांसाठी आणि बँकेसाठी. ओटीवर कुणीही येऊन बसतं, माजघरात कुणाला घ्यायचं ते आपण ठरवतो, तेवढंच हे. शिवाय पासवर्डनंतर मनीषाच्या फोनवर कोड येईल अशी सोय केली, आणि तो कोड देवालासुद्धा सांगायचा नाही अशी तंबी दिली.

कोल्हापूरचं जोडपं दिवाळीत येऊन राहून गेलं. त्यांनी इंटरनेटवर सगळी हकीकत लिहिली, फसवणुकीची आणि अप्पांच्या फोनचीही, आणि शेवटी लिहिलं, की पुढच्या वर्षी पुन्हा इथेच येणार. मनीषा मला ते वाचून दाखवत होती, तर मधेच तिने मोबाइल माझ्यापुढे सरकवला. पुढचं मीच वाचलं. ती मुंबईला गेली नाही.

मग मी माझं बिल पाठवलं. मेलने, नेहमीप्रमाणे. आठवडा गेला, उत्तर नाही. अप्पांकडून उत्तर नाही म्हटल्यावर मला त्यांच्या तब्येतीचीच काळजी वाटली. फोन केला.

“अप्पा, माझा मेल मिळाला नाही का?”

“मिळाला ना. तातडीने पैसे भरा म्हणून होतं, खाली लिंक. दप्तरी दाखल केला.”

“अहो, त्यावर माझं नाव आहे!”

“नाव काय, कुणीही लिहील. तूच म्हणालीस.”

“पण आता मी स्वतः फोनवर बोलतेय ना?”

“फोन तू केलास. आपण फोन करून विचारायचं असतं. थांब, ठेव. मी करतो.”

आणि खरंच फोन ठेवला. मी हातात मोबाइल घेऊन वाट बघत बसले. दोन मिनिटांनी वाजला.

“हॅलो, कोण बोलतंय?” पलीकडून अप्पा.

माणूस पूर्ण शिकला होता. बिल मी दुसऱ्या दिवशी स्कूटरवरून जाऊन, कागदावर, हातात नेऊन दिलं. त्यावर आवक क्रमांक पडला.