परदेशी झाड, उंची पाच फूट चार

कुठल्याही कंपनीच्या पायऱ्या चढण्याआधी काका तर्जनी जिभेला लावायचे आणि हवेत धरायचे. मस्कतच्या उन्हात ओलं बोट टिकतं किती? तरी धरायचेच. मग जाहीर करायचे, "यंदा वारा झाडांचा आहे." खलास! आमच्या मराठी मंडळाचा वर्षभराचा कार्यक्रम ठरला.

असा एक माणूस तुमच्याही मंडळात असेल. अध्यक्ष बदलतात, हा बदलत नाही. आमचे काका बौशरमधल्या एका टायरच्या गोदामात स्टोअरकीपर होते आणि मंडळाला प्रायोजक आणायचं काम एकट्याने करत. इथे परवानगीशिवाय वर्गणीचा डबा फिरवता येत नाही. म्हणजे कंपन्यांच्या दारात उभं राहणं आलं. आणि कंपन्यांना कशासाठी द्यावंसं वाटतं, हे दर वर्षी बदलतं. लोकांची गरज मात्र तीच राहते. मला याची चीड येते. काकांना येत नसे.

आरोग्याचा वारा होता त्या वर्षी आमची आरती 'सामूहिक श्वसन उपक्रम' झाली. महिलांचा वारा आला तेव्हा कोजागरीचं दूध आटवणाऱ्या पुरुषांना बाजूला सारून फोटोपुरत्या बायका पातेल्यापाशी उभ्या केल्या. पुढे रोख रक्कम बंद झाली आणि 'वस्तुरूपाने घ्या' सुरू झालं. मुलांच्या वक्तृत्व स्पर्धेला मिळालं उन्हाचं क्रीम. खोकीच्या खोकी. मुलं पांढरीफटक तोंडं घेऊन व्यासपीठावर आली. "मला मराठी खूप आवडतो," एक मुलगी म्हणाली, आणि क्रीम डोळ्यांत गेल्यामुळे ढसाढसा रडली. प्रायोजक गहिवरले. मातृभाषेवर केवढं हे प्रेम!

"ही शुद्ध लाचारी आहे!" मी बैठकीत ओरडले.

"प्रायोजकाचं पत्रक वाचू नकोस गं पोरी," काका म्हणाले. "उरलेली खोकी उचल. बांधकामावरच्या पोरांना वाटून येऊ. त्यांच्या मानेची सालं निघालीत."

आणि मग दत्तारामचं प्रकरण आलं. इब्रा गावातल्या एका मेसचा हा स्वयंपाकी, कुडाळकडचा. त्याला पक्षाघात झाला, डावी बाजू गेली. अर्बाबने, म्हणजे त्याच्या मालकाने, मेस आधीच बंद केली होती. तिकिटाचं विचारलं की तो फक्त 'इन्शाल्ला' म्हणायचा. दत्ताराम एका सुताराच्या खोलीत खाटेवर पडून होता. त्याला घरी जायचं होतं, बाकी काही नको होतं. पण विमानाचं तिकीट, व्हीलचेअर आणि सोबतीला नर्स, हे करायचं कोणी?

"काका, वर्ष झाडांचं आहे," मी म्हणाले. "तोवर माणूस मरेल इथे."

"चल तर खरी. यल्ला."

ज्या कंपनीत गेलो तिथल्या मॅडम फाइल न उघडताच म्हणाल्या, "सर, इस साल हम इन्सान नहीं करते. सिर्फ ट्री."

"पेड़ ही है, मॅडम," काका म्हणाले. "बस, हवाई जहाज़ से जाएगा."

मॅडम त्यांच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता हाकलणार. त्यांनी वृक्षारोपणाचा फॉर्म पुढे ओढला आणि पेन उघडलं.

"लोकल या बाहर का?"

"बाहर का."

"हाइट?"

"पाँच फुट चार."

"पानी कितना लगता है?"

"चाय भी चलती है."

"बचने का चान्स?"

काकांनी टेबलावरचा काचेचा पेपरवेट उचलला, फिरवला, परत ठेवला. "घर में लगाएँगे तो बचेगा," ते म्हणाले. मॅडमनी सही केली.

विमानतळावर कंपनीचा माणूस पाटी घेऊन हजर. 'हे झाड आम्ही लावले', खाली कंपनीचं चिन्ह. ती दत्तारामने हातात धरून फोटो द्यायचा होता. मी पाटी हिसकावायला गेले, तर व्हीलचेअरमधून दत्तारामच म्हणाला, "धरूंदे गो बाय. एकच हात चलता, तो तरी कामाक येवंदे." तो अर्ध्या तोंडाने हसत होता. काका त्याच्या मानेमागची उशी सारखी करत होते. पाटीवर खाली आणखी एक ओळ होती: 'कृपया तोडू नका'.

वर्ष संपायच्या आत काकांची साठी आली आणि गोदामाने त्यांचा व्हिसा संपवला. निरोप समारंभाला प्रायोजक मिळाला नाही. निवृत्त माणसांचा वारा अजून सुटलेला नाही. एका शुक्रवारी काका दोन बॅगा घेऊन डोंबिवलीला निघून गेले. आम्ही आपले हात हलवले.

पुढच्याच महिन्यात मॅडमचा मला फोन. "पेड़ ज़िंदा है? फोटो चाहिए." जिवंत असल्याचा फोटो नसेल तर पुढचं रोप नाही, असा नियम. आणि निझव्यात एक गवंडी मणका मोडून पडला होता. तो आमचं पुढचं रोप होता, तुम्हाला हसू आलं तरी.

मी कुडाळला फोन लावला. दत्तारामच्या बायकोने उचलला. काकांच्या मंडळातून बोलतेय म्हटल्यावर ती म्हणाली, "काका? ते तर आमच्याकडेच इले असत. परवापासून ह्येंका चलवतत."

संध्याकाळी फोटो आला. अंगणात दत्ताराम उभा. स्वतःच्या पायांवर, जरा वाकडा, बनियनवर, घामाघूम. फोटोच्या कडेला एक हात दिसतो, मनगटापर्यंतच. नुकताच त्याच्या दंडावरून सुटलेला, आणि पडलाच तर धरायला अजून तसाच पुढे.

मी फोटो पाठवला. मॅडमचा लगेच फोन आला. "परफेक्ट है. निझवावाला पेड़ अप्रूव कर देती हूँ. बस वो साइड का हाथ क्रॉप कर दीजिए."

मी नाही म्हटलं. हात कापला जाणार नाही, हे त्यांना मराठीतच सांगितलं.